अनुभव धागा : मराठवाड्यातले कसबी उद्योजक परदेशात धंदा का थाटतात?

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठंही बघा, हातात कसब आणि धंद्याची जाण असलेली माणसं दुबई, नैरोबी, जर्मनी, सिंगापूरला जायलेत. का, असं विचारलं की 'टॅक्स' नाहीतर 'इथं काही होत नाही' अशी ठरलेली उत्तरं येतात. दोन्ही अर्धवट. 2022 मध्ये 2,25,620 आणि 2023 मध्ये 2,16,219 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, हे संसदेत दिलेले आकडे दर चर्चेत पुढं केले जातात. पण त्यांत नोकरदार आणि त्यांची कुटुंबंही आली. उलट भारतीय पासपोर्ट ठेवून शारजात गोडाऊन चालवणारा माणूस त्या आकड्यात येतच नाही.

म्हणून विनंती अशी की ज्यांचा या व्यवहारांशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. कोणती गाठ सुटत नाही म्हणून माणूस निघतो, तिकडं काय लागतं आणि कुठं फसगत होते, ते आकड्यांसह सांगा. देशप्रेमाचा वाद दुसरीकडं घालू.

वाळूजचा टूलमेकर

टॅक्सच्या आधी पैसा फिरण्याचा वेग बघा. 5 कोटींपर्यंतचं सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट कर्ज) ठरवताना बँक साधारणपणे अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के धरते. त्यामागं गृहीतक असं की माल, मजुरी, उधारी हे सगळं चक्र तीन महिन्यांत पूर्ण होतं. म्हणजे उलाढालीच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागतं, त्यातले 5 मालकाचे आणि 20 बँकेचे. आता वर्षाला 6 कोटींची उलाढाल असलेली टूलरूम (साचे बनवणारा कारखाना) घ्या. तीन महिन्यांच्या चक्राला दीड कोटी लागतात, बँक 1 कोटी 20 लाख देते, उरलेले 30 लाख मालकाचे.

मोल्डच्या म्हणजे साच्याच्या कामात मात्र चक्र तीन महिन्यांत फिरत नाही. डिझाइन मंजुरी, स्टील, मशीनिंग, पहिली ट्रायल, मग करेक्शन, मग पार्ट अप्रूव्हल. शेवटचा हप्ता अप्रूव्हलला बांधलेला असतो, आणि ग्राहकाने मध्येच ड्रॉइंगमध्ये बदल केला की तो आणखी लांबतो. चक्र पाच महिन्यांवर गेलं की लागणारं भांडवल अडीच कोटी होतं. वरचा एक कोटी कुठून आणायचा? शिवाय 90 दिवसांपुढची येणी बँक सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल-येणी बघून लिमिटमधून किती उचलता येईल त्यात) धरत नाही, म्हणजे पैसा अडकतो त्याच महिन्यात लिमिटही आकसतं. आणि बिल फाडलं की 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, ग्राहकाने दिलेले असोत वा नसोत. ऑर्डर भरपूर, कारागीर तयार आणि तरी पगाराला चणचण, ही अवस्था अशी येते.

कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात बिल चुकतं करायला लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, निकालाची मुदत 90 दिवसांची, आणि ग्राहकाला निकालाविरुद्ध जायचं तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर भक्कम. पण एकाच मोठ्या ग्राहकावर 70-80 टक्के काम असलेला व्हेंडर तक्रार करत नाही, कारण त्याला व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) बंद होण्याची धास्ती असते. खरी गाठ ही आहे.

जर्मनीत बिल मिळून आणि देय होऊन 30 दिवस झाले की देणारा कायद्यानेच थकबाकीदार ठरतो, आणि युरोपच्या निर्देशानुसार व्याज मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किमान 8 टक्के वर. तिथं ते मागायला लाज वाटत नाही, फरक एवढाच.

तरी तिकडं जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. जीएमबीएच (तिथली प्रायव्हेट लिमिटेड) कंपनीला भांडवल 25,000 युरो, त्यातले 12,500 नोंदणीआधी भरलेले लागतात. कंपनी काढता आली म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला असं नाही. तो स्वतंत्रपणे निवास कायद्याच्या कलम 21 खाली, आणि वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. तिसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते: सूक्ष्म यांत्रिकीसारखे काही व्यवसाय 'हँडवर्क' (कारागिरीचा धंदा) म्हणून मोडले तर मास्टर दर्जाचा माणूस असल्याशिवाय चालवता येत नाहीत. तुमचं काम उद्योगात बसतं की हँडवर्कमध्ये, हे जागा भाड्याने घेण्याआधी तिथल्या चेंबरकडून लेखी घ्या.

हळदवाला, वसमत

वाळूजकर दादांनी उधारीचं सांगितलं, आमच्याकडं दुखणं वेगळं आहे. शेतमालाच्या धंद्यात धोरण कधी बदलेल त्याचा नेम नाही. कांद्याचंच बघा: 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी, 4 मे 2024 ला उठली ती 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून, सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्के, 1 एप्रिल 2025 पासून शून्य. परदेशातला घाऊक ग्राहक वर्षाचा करार करतो. मध्येच माल थांबला तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या देशाचा माल धरतो आणि परत येत नाही. म्हणून लासूर-वैजापूरकडचा व्यापारीसुद्धा विचार करतो की कंपनी दुबईत असली तर भारताचा बंद झाला तरी दुसरीकडचा माल देऊन ग्राहक टिकवता येईल. हळदीवर अशी बंदी नाही, पण तिथंही कारण ग्राहकाजवळ असण्याचंच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या खरेदीदाराला पूर्ण कंटेनर नको असतो. त्याला दोन टन हळद, एक टन धने, अर्धा टन मिरची असं मिसळून हवं असतं. ते वसमतहून परवडत नाही, दुबईच्या जेबेल अली बंदराजवळच्या गोडाऊनमधून परवडतं.

काय लागतं ते सांगतो. आधी ठरवा माल विकायचा कुणाला. अमिरातीतल्या दुकानांना विकायचा तर मेनलँड परवाना. 1 जून 2021 पासून बहुतेक व्यवसायांत 100 टक्के मालकी मिळते, स्थानिक भागीदाराची सक्ती गेली. माल फक्त पुढं दुसऱ्या देशांत पाठवायचा तर फ्री झोन, म्हणजे निर्यातीसाठीचं वेगळं क्षेत्र. एजंट स्वस्त फ्री झोनचं पॅकेज गळ्यात मारतो आणि नंतर कळतं की वेगळी परवानगी घेतल्याशिवाय दुबईच्या सुपरमार्केटला थेट बिल करता येत नाही. इथं लई जण अडकतात.

दुसरी अडचण बँक खात्याची. परवाना काही दिवसांत हातात येतो, खातं मात्र रखडतं. ऑफिस म्हणून टेबलाएवढा फ्लेक्सी-डेस्क (भाड्याची सामायिक जागा) दाखवला आणि भारतातला जुना व्यवहार दाखवला नाही, तर बँकेचा विश्वास बसत नाही. सोबत न्या: भारतीय फर्मची तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन-तीन खऱ्या ग्राहकांचे करार आणि शिपिंग बिलं.

कराबद्दल दोन आकडे सारखे असल्याने घोळ होतो. नफ्यावर 3,75,000 दिरहमपर्यंत शून्य आणि त्यावर 9 टक्के कॉर्पोरेट कर, हा जून 2023 पासूनच्या आर्थिक वर्षांना. व्हॅट 5 टक्के, 2018 पासून, आणि त्याची नोंदणी सक्तीची होते ती उलाढाल 3,75,000 दिरहम ओलांडली की. एक नफ्याचा, दुसरा उलाढालीचा. कॉर्पोरेट कराची नोंदणी उशिरा केली तर 10,000 दिरहम दंड, कर शून्य असला तरी.

आणि सलग सहा महिने अमिरातीबाहेर राहिलात तर साधा निवासी व्हिसा रद्द होतो. पेरणीला येऊन दिवाळी करून जाऊ म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

सीए, नांदेड

हळदवाले भाऊ, पैसा बाहेर कसा न्यायचा हे राहिलं, आणि नोटिसा तिथंच येतात.

व्यक्ती म्हणून एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात. वर्षभरात 10 लाख रुपयांच्या वर गेलं की गुंतवणुकीसाठीच्या त्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही, पण तोवर तेवढी रोकड अडकते. फर्म किंवा कंपनीकडून गुंतवायचं तर मर्यादा निव्वळ संपत्तीच्या 400 टक्के. दोन्ही प्रकारांत 22 ऑगस्ट 2022 पासूनचे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू.

क्रम चुकवू नका. बिगरसूचीबद्ध परदेशी कंपनीचे शेअर घ्यायचे तर आधी आपल्या बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज), मग रिझर्व्ह बँकेचा यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख) क्रमांक, मग पैसे. सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत जमा. त्यानंतर साधारणपणे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, आणि फर्मने गुंतवलं असेल तर 15 जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी-मालमत्तेचं) विवरण. सर्रास होतं काय, तर एजंट म्हणतो 'कुटुंबाच्या निर्वाहासाठी' असं लिहून पाठवा, लवकर जातात. पैसे जातातही. नंतर त्याच पैशांनी कंपनी उभी राहिली हे उघड झालं की उद्देशच खोटा ठरतो, आणि मग विलंब शुल्कावर भागत नाही, कंपाउंडिंग (चूक कबूल करून दंड भरून तडजोड) करावं लागतं.

आणखी एक भीती लोक उगाच बाळगतात: नांदेडहून फोनवर कारभार केला तर दुबईची कंपनी भारतात करपात्र होईल. वर्षाची उलाढाल 50 कोटींपर्यंत असेल तर 'परिणामकारक व्यवस्थापनाचं ठिकाण भारतात, म्हणून कर भारतात' ही तरतूद कंपनीला लावत नाहीत, तसं 2017 च्या परिपत्रकात आहे. मात्र मालक स्वतः भारताचा निवासी राहिला तर त्याला मिळणारा लाभांश इथं करपात्र आहेच. ज्या वर्षी 182 दिवस इथं राहाल त्या वर्षी निवासी. भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल तर 120 दिवसांपासूनच हिशेब तपासावा लागतो. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, वाद तारखांवरच होतो.

डाळ मिल मशिनरी, लातूर

लातूरची कारागिरी मागवली जाते ती डाळ मिलसाठी. भारताने 2016 मध्ये मोझांबिकशी तुरीचा करार केला, वर्षाला 2 लाख टनांपर्यंत. तिकडं तूर पिकते, म्हणून तिथंच भरडायचा धंदा करायला आपली माणसं जातात. शिवाय इथं तुरीवर जून 2023 पासून अधूनमधून साठ्याची मर्यादा लागली. मोठ्या मिलला वर्षाचा कच्चा माल भरून ठेवण्याची खात्री राहिली नाही, हेही कारण.

तांत्रिक मुद्दा लिहितो, कारण यावर मिल बसते. केनिया-टांझानियात वीज 50 हर्ट्झ, आपल्यासारखीच, मोटारी जशाच्या तशा चालतात. सौदीत 60 हर्ट्झ. तिथं 1440 फेऱ्यांची मोटार 1730 च्या आसपास फिरते. एमरी रोलरचा (टरफल घासून काढणाऱ्या खरखरीत रुळाचा) वेग 20 टक्के वाढतो, टरफल निघण्याआधी दाणाच फुटतो आणि चुरी-कणी वाढते. मिस्त्री मग रोलर आणि जाळीतलं अंतर वाढवत बसतात, त्याने टरफल न निघालेला दाणाच जास्त राहतो. उपाय मोटारीच्या पुलीत आहे: 6 इंची असेल तर 5 इंची बसवा, वेग मूळ जागी येतो. डिस्टोनरचा (खडे वेगळे करणाऱ्या यंत्राचा) पंखा आणि एलेव्हेटर (माल वर चढवणारं यंत्र) यांच्या पुल्याही त्याच प्रमाणात. पंखा तसाच ठेवला तर हवा वाढते आणि खडे नीट वेगळे निघत नाहीत.

सुटे भाग सोबत पाठवताना एमरी रोलर किमान एक जोडी जास्तीचा आणि जाळ्या दोन संच. तिकडं हे मिळत नाही, आणि ऐन हंगामात जहाजाने माल यायची वाट बघणं म्हणजे हंगाम गेला.

सॉफ्टवेअर, चिकलठाणा

आमच्या क्षेत्रात माणूस पुण्यात किंवा इथंच बसतो, कंपनीची नोंदणी तेवढी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात किंवा सिंगापूरला जाते. गुंतवणूकदाराला ओळखीचा कायदा आणि ओळखीची कागदपत्रं हवी असतात म्हणून. पूर्वी एंजल टॅक्सचं (स्टार्टअपला जादा भावाने मिळालेल्या गुंतवणुकीवरच्या कराचं) मोठं कारण होतं, ते 2024 च्या अर्थसंकल्पाने काढलं. आता नुसत्या सवयीने बाहेर नोंदणी करू नका. परत भारतात आणायला कर आणि वकील दोन्ही महाग पडतात. अमेरिकेत स्वतः जाऊन धंदा करायचा तर ई-2 (गुंतवणूकदाराचा) व्हिसा भारतीयांना नाहीच, तसा करार नाही. उरतो एल-1ए (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा), ज्याला गेल्या तीन वर्षांतलं सलग एक वर्ष इथल्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून काम केल्याचा पुरावा लागतो. नव्या ऑफिसला तो एकाच वर्षाचा मिळतो आणि वर्षात माणसं नेमली नाहीत तर वाढत नाही. नाहीतर ईबी-5 (गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड), किमान 8 लाख डॉलर.

धागाकर्ता

सीए ताई, तुमच्या क्रमाबद्दल विशेष आभार. शेतीचं कुणीतरी लिहा, बहुतेकांचं गावाकडं शिवार असतंच.

दस्तलेखक, बीड

लिहितो. भारतीय नागरिक राहून परदेशी स्थायिक झालात तर असलेली आणि वारसाने येणारी शेतजमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. त्यामुळे शेजारचा बांध घ्यायचं मनात असेल तर जाण्याआधी खरेदीखत करा. अनिवासी झाल्यावर पीएम-किसानचा हप्ताही बंद करायला हवा, नाहीतर वसुली निघते.

वारलेल्या वडिलांच्या नावावरचा सातबारा तसाच ठेवून जाऊ नका. नंतर तिकडून वारस नोंद करून घेणं फार अवघड जातं. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून मोबाइलवर करावी लागते, तेव्हा ती कोण करणार हे ठरवा.

मुखत्यारपत्र शक्यतो इथूनच, दुय्यम निबंधकासमोर नोंदवून करा. तिकडून करायचं झालं तर भारतीय दूतावासात सही आणि शिक्का, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. पाकिटावरचा पोचल्याचा शिक्का फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. आणि मजकुरात 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, आणि विक्रीचा अधिकार आहे की फक्त वहिवाट, कर्ज, पीकविमा आणि कोर्टकामाचा, हे एकेक ओळीत वेगळं लिहून घ्या.