एपिक्युरसच्या बागेत मुलाच्या फीचं काय?

पोफळीखाली (गुहागर तालुका):
नमस्कार मंडळी. खाडीलगत आमचं वीस गुंठ्यांचं आगर आहे. माड, पोफळी, मधे चार जायफळं. बाबा गेल्यावर नोकरी सोडून इथे आलो, त्याला सहा वर्षं झाली. दिवाळीनंतर शिपणं सुरू झालं की सकाळी पाटाच्या कडेने फावडं घेऊन फिरतो. एक आळं भरलं की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढचं उघडायचं. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं.

यंदा पावसाळ्यात एपिक्युरस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ वाचला आणि वाटलं, हा तर माझ्याच सकाळीबद्दल बोलतोय. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला, पुढे अथेन्समध्ये बाग विकत घेऊन तिथेच शाळा चालवली. बायका आणि गुलामही तिथे शिकायचे. लोक त्याला चैनीचा पुरस्कर्ता समजतात, पण तो भाकरी-पाण्यावर राहणारा. मित्राला लिहितो, थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल.

इच्छांचे तो तीन प्रकार करतो: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, आणि निव्वळ पोकळ. इथेच माझं अडलंय. एकाने आगर पंधरा वर्षांच्या कराराने मागितलंय. तंबू, तरणतलाव. खाडीकडच्या पोफळी जातील. पैसे चांगले आहेत. मुलगा बारावीला आहे, त्याला पुण्यात शिकायचंय. त्याची इच्छा यातल्या कुठल्या प्रकारात घालू? मला इथे शांत वाटतं म्हणून मी त्याची वाट अडवतोय का?

जुना मास्तर (दापोली):
तुम्ही एपिक्युरसचं मृत्युपत्र वाचा. डायोजेनीस लाएर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिली, त्याच्या दहाव्या भागात ते दिलेलं आहे. मेत्रोदोरस हा एपिक्युरसचा जिवलग मित्र, त्याच्या आधी गेला. त्याच्या मुलाचा सांभाळ आणि शिक्षण, मुलीचं पालनपोषण, लग्नात तिला द्यायचा हुंडा, सगळ्याची तजवीज एपिक्युरसने आपल्या उत्पन्नातून करून ठेवली. काही गुलामांना मुक्त केलं. बाग मात्र विकायला सांगितली नाही. ती शाळेसाठी राखली आणि तिच्यात राहणाऱ्यांनी ती जपावी असं लिहिलं. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी मित्रांनी एकत्र जमावं, हेही त्यात आहे.

मूतखड्याच्या भयंकर वेदनांत गेला तो. शेवटच्या दिवशी लिहिलेल्या पत्रात म्हणतो की आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद या दुखण्यापुढे उभा केलाय. आणि त्याच पत्रात मेत्रोदोरसच्या मुलांकडे लक्ष द्या म्हणून विनंती. त्याची शांती अशी होती, मुलांचा हिशेब तिच्या आतच होता.

खळ्यातली (वेंगुर्ला):
दादा, राग मानू नका. माझ्या लहानपणी सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा असायचा, चौघांत एक. आई शेपटीकडचा तुकडा स्वतःला घ्यायची. तो साधेपणा आम्ही निवडला नव्हता. आज मला पेज आवडते, कारण डब्यात तांदूळ आहे.

एपिक्युरसला हा फरक कळत होता. मेनोइकेयसला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नेहमी थोडक्यातच राहायचं असं नाही, जास्त नसेल तेव्हा थोडक्यात भागलं पाहिजे. तुम्हाला थोडकं पुरतं, हे खरं. पण मुलाचं थोडकं किती, ते तुम्ही एकट्याने ठरवू नका. त्याला विचारलंत का?

पोफळीखाली:
ताई, नव्हतं विचारलं. काल विचारलं. पाटावर बसलो होतो, त्याचे पाय पाण्यात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, फी किती लागेल ते आधी लिहून काढू. रात्री तिघांनी बसून लिहिलं. फी, खोलीचं भाडं, खानावळ. दुसऱ्या बाजूला सुपारी, नारळ, जायफळ. फरक आहे, पण पंधरा वर्षांचं आगर देऊन टाकावं एवढा नाही. पहिल्या दोन वर्षांपुरतं शैक्षणिक कर्ज घेऊ. सोमवारी बँकेत जातोय, तंबूवाल्यांना ‘नाही’ म्हणून कळवलंय.

गुरुजी, २० तारखेला घरी आहात का? धोपाव्याहून सकाळच्या फेरीबोटीने दाभोळला उतरतो. मुलालाही आणतोय, तुमच्यासाठी चार शहाळी घेऊन.