कोडीचा रोडिओ : सहा वर्षांचा मुलगा आणि आई सोबत, मदत हवी आहे

जुलैत यलोस्टोनला जाताना अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कोडीत एक रात्र मुक्काम आहे. 'वाइल्ड वेस्ट' खेळांसाठी गाजलेल्या बफेलो बिलने वसवलेलं हे गाव, जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ, म्हणजे उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर बसायचे काउबॉय खेळ! १ ते ४ जुलैचा मोठा रोडिओ, कोडी स्टॅम्पीड, तर १९१९ पासूनचा. त्या गर्दीत जावं की नंतरचा साधा खेळ बघावा?

बैल सोडतात त्या फाटकांजवळ बसलं तर मुलगा घाबरेल का? वासराच्या शेपटीची रिबीन काढायला लहान मुलांना मैदानात बोलावतात म्हणे. सहा वर्षांच्याला सोडाल का?

आई बैलगाडा शर्यती बघत वाढलेली. एका हाताने धरून बैलावर आठ सेकंद टिकायचं, हे ऐकून म्हणाली, "एवढंच?"

रात्री थंडी किती असते? स्वेटर घ्यावेत का?