डायना ३५ चा जुना दस्ता : वार्निश काढल्यावर तेल द्यावं की पीयू (पॉलियुरेथेन)?

नेमबाज_रत्नागिरी
माझ्याकडे डायना ३५ ही एअर रायफल आहे. सिलिंडरवर ११ ६८ असा शिक्का आहे, म्हणजे नोव्हेंबर १९६८ चा माल. यंत्र ठणठणीत, पण दस्त्याची रया गेली आहे. तपकिरी वार्निशचे पापुद्रे सुटतायत, गाल टेकतो तिथे दोन पोचे आहेत आणि सिलिंडरखालचं लाकूड तेल पिऊन काळं पडलंय. इथला सुतार म्हणतो, कॉस्टिकने धुऊन लाख पॉलिश मारून देतो. त्याच्याकडे द्यावा, की घरीच जवसाचं तेल लावावं?

रंधा_पटाशी
कॉस्टिकला साफ नाही म्हणा. हा दस्ता बीच नावाच्या लाकडाचा आहे. कॉस्टिकने बीच काळवंडतं, वरचे तंतू मऊ पडतात आणि खाचांत मुरलेला क्षार पुढे नवा थरही उचलतो.

जुना थर कशाचा आहे ते आधी तपासा. ट्रिगर-गार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर ती लाख. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून बघा, विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पेंट रिमूव्हर आणा. तो उघड्यावर, हातमोजे घालून जाडसर थापायचा आणि १५-२० मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीने रेषेच्या दिशेने ओढायचा. त्याआधी बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढून ठेवा, रिमूव्हर प्लास्टिक खातो.

मग लाकडात मुरलेलं तेल काढा. रंगाच्या दुकानात व्हाइटिंग पावडर (खडूची पूड) मिळते. ती अ‍ॅसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवून काळ्या भागावर अर्धा सेंमी जाड लिंपा. सुकली की पिवळट होते, म्हणजे तेल वर आलं. झटकून पुन्हा लावा, पावडर पांढरी निघेपर्यंत. दोन लेपांमध्ये हेअर ड्रायरने लाकूड गरम केलंत तर आतलं तेल लवकर वर येतं, पण अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्यावरच. त्याची वाफ पेट घेते. सगळं काळं जाणार नाही. लाकूड हाताला तेलकट लागत नाही इतपत पुरे.

पोचे घासून काढू नका. ओलं सुती फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात, दोन-तीनदा करावं लागेल. तंतू तुटून खड्डा पडला असेल तर मात्र वाफेचा उपयोग नाही.

चपडा_पॉलिश
वरच्यांनी घासण्याचं राहू दिलं, आणि बहुतेक दस्ते तिथेच बिघडतात. बटप्लेट परत बसवून, तिच्यावर मास्किंग टेप लावून मग घासा. नाहीतर कडेचं लाकूड गोल होतं आणि प्लेट बाहेर डोकावते. सिलिंडर बसतो त्या खाचेच्या वरच्या कडांना पॉलिश पेपर लावूच नका. तिथे अर्धा मिलिमीटर गेला तरी लोखंड आणि लाकूड यांच्यात फट दिसते. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून चालवा. नुसत्या बोटांनी घासलंत तर लाटा पडतात आणि त्या चमक आल्यावरच दिसतात.

१८० नंबरच्या पेपरपासून सुरू करा, १२० फक्त खोल ओरखड्यांना. पुढे २४०, मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. लाकडाचे केसासारखे तंतू उभे राहतील, ते ३२० ने हलकेच कापा. हे दोनदा. तेल द्यायचं असेल तर ३२० च्या पुढे जाऊ नका, गुळगुळीत दाबलेलं बीच तेल नीट पीत नाही.

रंग हवा असेल तर एक अडचण आहे : बीचवर स्टेन डागाडागांनी बसतो. म्हणून आधी १०० मिली स्पिरिटमध्ये ६ ग्रॅम चपडा (लाखेच्या पापड्या) विरघळवून त्याचा एकच पातळ हात द्या, सुकल्यावर ३२० ने हलकं पुसा, मग स्टेन. आधी एखाद्या टाकाऊ बीचवर किंवा बटप्लेटखालच्या भागावर बघून घ्या.

छर्रा_१७७
रत्नागिरीत नुसतं जवसाचं तेल नको. ते पाण्याची वाफ फारशी अडवत नाही, आणि कोकणच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. कच्चं तर आठवडाभर चिकट राहतं. डबल बॉइल्ड तेल, सिंगल पॅक पीयू आणि टर्पेंटाइन समभाग मिसळा. दस्त्याला एकूण १५० मिलीच्या आत काम भागतं. सुती फडक्याने लावा, १५ मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, २४ तास थांबा. असे पाच-सहा हात. जाड राहिलेलं पुसलं नाहीत तर चिकट साय धरते. मग टर्पेंटाइन आणि बारीक नायलॉन पॅडने ती काढण्यात जास्त वेळ जातो.

आणि जिथे दिसत नाही तिथे जास्त लावा : बटप्लेटखालचा छेद, स्क्रूची भोकं, खाचेचा तळ. आडव्या छेदातून लाकूड सर्वात जास्त ओलावा ओढतं, तिथे तीन हात तरी हवेत.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नेमबाज_रत्नागिरी
आभारी आहे. सुताराला नाही कळवतो. दस्ता काढताना काय जपायचं?

छर्रा_१७७
नळी सांध्यातून वाकवून उघडून पाहा, छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करा. मग पुढच्या दोन बाजूंचे स्क्रू आणि ट्रिगर-गार्डचे स्क्रू, एवढंच. पेचकसाचं टोक खाचेत घट्ट बसणारं हवं, ढिलं असलं तर डोकं चेपतं. सिलिंडरमागचा ट्रिगर-ब्लॉक उघडू नका, आतली स्प्रिंग दाबाखाली असते. दस्ता बाजूला असताना रायफल ताणायची नाही.

परत बसवताना पुढच्या स्क्रूंच्या वॉशरखाली फिनिश साचलं नाही ना बघा. साचलं असेल तर पहिल्या काही छर्‍यांत ते दबतं, स्क्रू ढिले पडतात आणि नेम सरकतो. २०-२५ छर्रे झाले की पुन्हा आवळा.