‘कुळांची जमीन’ म्हणजे नक्की कोणाची?

रानवाट: पापुआ न्यू गिनीतल्या संरक्षित क्षेत्रांवरचा एक मजकूर मराठीत करतेय. तिथली जवळपास ९७ टक्के जमीन परंपरेने क्लॅनच्या, म्हणजे एकाच पूर्वजाचा वंश सांगणाऱ्या गटाच्या मालकीची, त्यामुळे राखीव जंगल वाढवायचं तर आधी क्लॅनने हो म्हणायला हवं. मी लिहिलं ‘कुळांनी आपली जमीन राखीव ठेवली’, तर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘कुळांची कशी? मालकांची ना?’ त्यांना कुळकायद्यातलं, दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ दिसलं! अर्थ पार उलटाच झाला की. काय करू? शिवाय ‘लँड यूज प्लॅन’ला ‘भूवापर आराखडा’ केलंय, तेही घशाखाली उतरत नाहीये.

जुनंपान: भावकी लिहा. जमीन म्हटली की आपल्याकडे भावकीच आठवते.

सागरगोटा: भावकी नको हो. तिथल्या न्यू आयर्लंड, बूगनव्हिल या बेटांवर जमिनीचा हक्क आईकडून येतो, आणि भावकी म्हणजे बापाकडचे लोक, म्हणजे एका शब्दात तिथल्या बायकांचा हक्कच पुसला जाईल.

जुनंपान: हे माहीत नव्हतं. मग ‘गोत’?

शब्दवेडी: गोतात सोयरेपण पण येतं. क्लॅनच ठेवा, लोकांना कळतं. ‘टोळी’ मात्र कृपा करून कोणी सुचवू नका.

जुनंपान: क्लॅन कशाला? अडलं की इंग्रजी घेत सुटलो तर आपले शब्द वापराविना गंजतील. ‘मातृकुळ’ करा, जिथे आईकडून आहे तिथे.

रानवाट: पण मजकूर त्या बेटांबद्दल नाही, मुख्यतः यूस भागाबद्दल आहे, योप्नो, उरुवा, सोम या तीन नद्यांच्या आद्याक्षरांवरून यूस. २००९ मध्ये तिथे देशातलं पहिलं कायदेशीर संवर्धन क्षेत्र जाहीर झालं. आणि लोकांनी जमीन ‘दिली’ नाहीये, मालकी त्यांचीच आहे, म्हणून तर ‘राखीव ठेवली’ लिहिलं.

सागरगोटा: नुसतं ‘राखली’ लिहा. ‘राखीव’ म्हटलं की सरकारी पाटी दिसते. आमची आजी ‘रान राखलंय’ म्हणायची, म्हणजे सध्या कोणी विळा घालायचा नाही, एवढंच. आणि आराखड्याचं म्हणाल तर ‘कुठे काय करायचं ते गावाने ठरवलं’ असं सरळ लिहा, म्हणजे रताळ्याची शेती इथे, घराचं लाकूड तिथून, वरच्या जंगलात झाडकांगारूची शिकार बंद.

शब्दवेडी: शीर्षकात एवढं लांबलचक कसं बसणार? ‘जमीनवापराचं नियोजन’ करा.

जुनंपान: राखण्यावरून आठवलं, पॉलिनेशियात ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवतात त्याला ‘राहुई’ म्हणतात. आपली आमराईतली ‘राई’ त्याच्याच नात्यातली असणार, मला तरी खात्री वाटते.

सागरगोटा: नाही हो. उच्चार जवळचे म्हणून नातं लागत नाही, दोन भाषांची कुळंच वेगळी.

शब्दवेडी: बघा, इथे ‘कुळं’ वापरलंत आणि कोणाला शंका आली नाही!

सागरगोटा: कारण शेजारी जमीन नव्हती. बाकी उसना शब्द हवाच असेल तर ‘टॅबू’ घ्या, पॉलिनेशियातल्या टोंगाच्या भाषेतूनच आलाय तो, कॅप्टन कुकने १७७७ मध्ये नोंदवला. वानुआतू या बेटांच्या देशात आजही बंदी कळावी म्हणून नामेले नावाच्या झाडाचं पान खोचून ठेवतात, देशाच्या झेंड्यावरही तीच दोन पानं आहेत.

जुनंपान: टॅबू म्हणजे मराठीत ‘निषिद्ध’, त्यात पाप आलं. इथे पाप कुठंय? काही काळ हात लावायचा नाही, इतकंच ना?

शब्दवेडी: मग ‘वर्ज्य’?

जुनंपान: वर्ज्य खाण्यापिण्याला. जमिनीला कसं लावणार?

रानवाट: अहो, माझं कूळ राहिलं की.