नोंदी दप्तरात पडून असताना दारोदार कशाला?

आकडेमोड्या: डेन्मार्कने १९८१ साली एकाही दारावर प्रगणक न पाठवता जनगणना केली. प्रत्येक रहिवाशाला १९६८पासून क्रमांक होताच, त्यावरून वेगवेगळ्या खात्यांची दप्तरं जोडली. सरकारला एकदा दिलेली माहिती सरकारनेच पुन्हा विचारू नये. शिवाय दार उघडतं कोण हल्ली? ब्रिटनच्या श्रमबल पाहणीचा (कोण कामावर, कोण बेरोजगार हे लोकांना विचारणारी) प्रतिसाद २०२३मध्ये १७ टक्क्यांवर आला आणि ऑक्टोबरात आकडे रोखून धरायची वेळ आली.

जुना खिडकीवाला: मी नोंदणीच्या खिडकीवर बसलोय. ज्या रकान्यावर पैसे अवलंबून, तो लोक चारदा तपासतात. 'व्यवसाय' मात्र सरसकट 'इतर', कारण यादीत पहिला पर्याय तोच! त्यावर तुम्ही देशाचं रोजगाराचं चित्र काढणार?

आणि जर्मनीचं काय झालं? २०११च्या जनगणनेत रहिवासी नोंदींना दहाएक टक्के लोकांच्या पाहणीची जोड दिली, तर आधीच्या सरकारी अंदाजापेक्षा १५ लाख माणसं कमी भरली. येताना नोंद करावीच लागते, त्याशिवाय कामं अडतात. देश सोडताना नाव काढायला कोण जातंय?

आकडेमोड्या: चूक पाहणीमुळे सापडली, कबूल. मग पाहणी छोटी ठेवा, नोंदी तपासण्यापुरती. ती बंद करा असं मी कुठे म्हटलं?

जुना खिडकीवाला: शीर्षकात.

तिरपी रेघ: दोघंही मोजणीवर भांडताय, माझी अडचण व्याख्येची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबात बेरोजगार म्हणजे काम नाही, गेल्या चार आठवड्यांत शोधलं आणि दोन आठवड्यांत रुजू होता येईल असा माणूस. बेरोजगार भत्त्याच्या दप्तरात मात्र बेरोजगार म्हणजे भत्ता मागणारा. ब्रिटनने १९८२मध्ये रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांऐवजी भत्ता मागणारे मोजायला घेतले आणि आकडा खाली आला. नोकरी कुणालाच लागली नव्हती!

आकडेमोड्या: हा मुद्दा बोचला. बेरोजगारीसाठी पाहणीच हवी, मान्य. पण जन्म, मृत्यू, पगार, घरं? तिथे नोंदीच सरस. पगार तर लोक तोंडी सांगताना गोल करूनच सांगतात.

तिरपी रेघ: चालेल, पण वाट एकेरी हवी. करखात्याची माहिती सांख्यिकी कार्यालयात जावी, तिथून कुणाच्याही नावानिशी परत येऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या सरकारी सांख्यिकीबद्दलच्या १९९४च्या तत्त्वांत दोन्ही आहे: प्रशासकीय नोंदी वापरायला मुभा, आणि व्यक्तीची माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरायचं बंधन. लोक पहिलंच वाचतात.

जुना खिडकीवाला: तोवर त्या यादीतला 'इतर' शेवटी टाका. खर्च शून्य.