'डिपेंडन्सी'ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: नोकिया एन८०० वर पायथन)

प्रश्न

नोकियाचा एन८०० हा २००७ सालचा इंटरनेट टॅब्लेट. त्यावरची माएमो ही प्रणाली डेबियन लिनक्सवर बेतलेली आहे, त्यामुळे डेब फाइली (बसवायच्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे, म्हणजेच 'पॅकेजं') कार्डावर घालून त्यावर पायथन (प्रोग्रामिंगची एक भाषा) चढवता येतं. जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या काही मित्रांसाठी याचं मराठी टिपण लिहितोय. इन्स्टॉल करताना सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेचा, संदेश: अमुक पॅकेज तमुकवर 'डिपेंड' करतं, पण तमुक बसवलेलंच नाही, म्हणून काम अडलं. मी लिहिलंय, 'अवलंबित पॅकेज सापडलं नाही'. बरोबर आहे का? 'अवलंबित्व' जड वाटतं म्हणून टाळलं.

प्रतिसाद १

जड असण्यापेक्षा 'अवलंबित' इथे उलटं आहे ही खरी पंचाईत. अनुकंपा नोकरीचा अर्ज आठवा. 'अवलंबित' म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या आधारावर जगणारे: पत्नी, मुलं, आईवडील. म्हणजे जो दुसऱ्यावर विसंबून आहे तो अवलंबित. इथे विसंबून कोण आहे? पायथन. गहाळ काय आहे? ज्याच्यावर तो विसंबून आहे ती लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड). तुमचं वाक्य वाचून माणूस पायथनच हरवलाय असं समजून पुन्हा पायथनचीच फाइल उतरवत बसेल. इंग्रजीत 'डिपेंडन्सी' हा शब्द आधार देणाऱ्या वस्तूलाच लावायची रूढी पडली, ती शब्दशः मराठीत आणली की दिशा बदलते.

प्रतिसाद २

संस्कृत शास्त्रग्रंथांत या जोडीला तयार शब्द आहेत: ज्याच्या आधाराने दुसरं उभं राहतं ते उपजीव्य, आणि आधार घेतं ते उपजीवक. मराठी समीक्षेत 'उपजीव्य ग्रंथ' सर्रास येतं. लायब्ररी उपजीव्य, पायथन उपजीवक. दिशेबद्दल शंकाच उरत नाही.

प्रतिसाद ३

अहो, शब्द अचूक आहे हे मान्य. पण चार इंची पडद्यावर 'उपजीव्य अनुपलब्ध' असं वाचलेला माणूस यंत्र ठेवून उपजीविकेच्या मागे लागेल.

मराठीत यासाठी 'लागणे' आहे की. 'पायथनला ही लायब्ररी लागते.' कोणाला लागते ते 'ला'वरून कळतं, काय लागतं तेही कळतं. नामच हवं असेल तर 'लागणारी पॅकेजं'. 'पायथनला लागणारं एक पॅकेज बसवलेलं नाही', एवढ्यावर काम भागतं. पारिभाषिक कोशात हा शब्द नसेल, पण वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते समजेल.

प्रश्नकर्ता

'लागणारी पॅकेजं' घेतो. आता दुसरी अडचण. याच संदेशाच्या वेळी पॅकेजची अवस्था 'अनपॅक्ड, बट नॉट कॉन्फिगर्ड' अशी असते. मी सगळीकडे 'बसवणे' वापरलंय, काही ठिकाणी बोलण्यातलं 'टाकणे'ही. 'पायथन टाकलं.'

प्रतिसाद ४

'टाकलं'वरून एक इशारा: लेखी टिपणात ते सोडून दिल्याच्या अर्थानेही वाचलं जातं. तोंडी चालतं, कारण समोरचा हातात यंत्र घेऊन बसलेला असतो.

आता 'बसवणे'. डेबियनमध्ये हे काम दोन टप्प्यांचं आहे. आधी फाइली उलगडून जागच्या जागी ठेवल्या जातात, मग त्या पॅकेजची जुळणीची स्क्रिप्ट चालते. लागणारं पॅकेज नसेल तर पहिला टप्पा पार पडतो आणि दुसरा अडतो. लोक गोंधळतात ते इथेच. फाइली तर दिसतात, पण डीपीकेजी त्या पॅकेजला पुरतं बसलेलं मानत नाही. कपाटाचं खोकं फोडून फळ्या खोलीत मांडल्या आणि स्क्रू आलेच नाहीत, तशी गत. त्यामुळे पहिल्या टप्प्याला 'उलगडणे', दुसऱ्याला 'जुळवणे', आणि दोन्ही झाल्यावरच 'बसलं' म्हणा. 'उलगडलं आहे, जुळायचं आहे' ही अवस्था मराठीत छान सांगता येते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

'नाही' आणि 'दिसत नाही' यांतही टिपणात फरक ठेवा. माएमोचा ॲप्लिकेशन मॅनेजर एरवी फक्त 'यूझर' विभागातली पॅकेजं दाखवतो. लायब्ऱ्या असतात, पण यादीत येत नाहीत. सगळं बघायचं तर नवीन कॅटलॉग (पॅकेजं जिथून उतरवायची त्या ठिकाणाची नोंद) जोडताना पत्त्याच्या जागी 'मॅट्रिक्स' लिहून रद्द करायचं, मग तो लाल गोळी की निळी असं विचारतो. लाल निवडली की सगळी यादी उघडते. (टॅब्लेटचा एक अर्थ गोळी, हे ती सोय करणाऱ्यांच्या डोक्यात होतं की नाही कोण जाणे. 'मॅट्रिक्स' चित्रपटातल्या लाल गोळीवरून घेतलंय एवढं उघड आहे.)

प्रतिसाद ५

'मेमरी' शब्द टिपणात नुसता वापरू नका, एवढं ऐका. एन८०० मध्ये रॅम १२८ एमबी, आतली फ्लॅश २५६ एमबी, आणि वर एसडी कार्डाच्या दोन खाचा. बोलताना तिन्हीला आपण मेमरीच म्हणतो. पायथन बसतं ते आतल्या फ्लॅशवर. ती भरली की 'जागा नाही' असं येतं आणि माणूस दोन जीबीचं कार्ड दाखवून भांडतो. बरं, ते पायथन तसंच उचलून कार्डावर न्यावं, तर कार्ड असतं फॅट पद्धतीचं. त्यावर सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) चालत नाहीत आणि फाइलींच्या परवानग्याही टिकत नाहीत. कार्ड लिनक्सच्या ईएक्सटी२ पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावं लागतं. तेव्हा 'रॅम', 'आतली जागा', 'कार्ड' असे तीन शब्द ठेवा.

प्रश्नकर्ता

पटलं. शेवटची ओळ: 'एपीटी-गेट उणे एफ इन्स्टॉल' (एपीटी-गेट ही लागणाऱ्या पॅकेजांसकट पॅकेजं आणून बसवणारी आज्ञा). मी 'जबरदस्तीने बसवा' असं लिहिलंय.

प्रतिसाद ४

नको! इथे 'एफ' म्हणजे 'फिक्स ब्रोकन', मोडलेलं दुरुस्त करा. फाइली पुसणाऱ्या आरएम आज्ञेतला 'एफ' फोर्सचा आहे, त्यामुळे ही गल्लत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डीपीकेजीलाही जबरदस्ती करता येते, पण तिचा पर्याय 'फोर्स' असा पूर्ण लिहावा लागतो. शिवाय ही दुरुस्ती दोन्ही बाजूंनी होते. लागणारं पॅकेज कॅटलॉगमध्ये सापडलं तर आणून जुळवते, नाही सापडलं तर अर्धवट उलगडलेलं पायथनच काढून टाकायचं सुचवते आणि हो की नाही विचारते. 'जबरदस्तीने बसवा' वाचून आलेला माणूस डोळे मिटून 'वाय' दाबणार. 'मोडलेली जुळणी दुरुस्त करा' असं लिहा, आणि खाली एक ओळ घाला: 'काढून टाकायच्या यादीत पायथनचं नाव दिसलं तर एन दाबा.'