मदत हवी आहे: कन्व्हर्टिबलच्या कापडी टपावर शेवाळं

गाडी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप दुमडून उघडता येणारी. टप काळ्या कापडाचा आहे, व्हिनाइल (प्लास्टिकसारखं रेक्झिन) नाही, मागची खिडकी खऱ्या काचेची. गाडी उघड्यावर झाडाखाली असते, जागा बदलणं शक्य नाही. शिलाईच्या कडेने आणि काचेखालच्या घडीत हिरवट शेवाळं धरलंय आणि आधी पाण्याचे थेंब घरंगळून जायचे ते आता सरळ कापडात मुरतात.

सुकी धूळ झाडून मऊ ब्रश, कोमट पाणी आणि कार शॅम्पूने दोनदा धुतलं. वरवरचं गेलं पण शिलाईतलं आठवड्याभरात परत हजर. प्रेशर वॉशर मुद्दाम लावला नाही, धागे उसवतील म्हणून, आणि ब्लीच प्लीज सुचवू नका, रंग आणि धागा दोन्हीची वाट लागते. आत गळत नाहीये अजून, ड्रेनची भोकं मोकळी आहेत, ओला टप दुमडून ठेवत नाही.

वॉटरप्रूफिंगचा स्प्रे आणून ठेवलाय पण मारायची हिंमत होत नाही, शेवाळं आतच राहिलं तर त्याच्यावरच थर बसायचा. तर शिलाईतलं शेवाळं तुम्ही नेमकं कशाने काढलंत, आणि धुतल्यावर स्प्रेआधी किती वेळ वाळू द्यायचं, कारण वरून कोरडं लागतं पण आतला थर ओला असू शकतो ना?